तिसरं मडकं

"आजी, जरा अशा वाका ना. नाक मडक्याजवळ न्या. डोळे मिटा. हां, आता खोल श्वास घ्या... आणि वास आल्यासारखं हसा!"

स्नेहल मॅडम मोबाइल धरून गुडघ्यावर बसल्या होत्या. मडकं रिकामं होतं, आग पेटायलाही अवकाश होता. तरी हौसाने डोळे मिटले, श्वास आत ओढला आणि ती हसली. हे तिला चांगलं जमायचं. दोन वर्षं ती हेच करत आली होती.

"परफेक्ट!" स्नेहल मॅडम उठल्या. "आजी, तुम्ही सिनेमात जायला हवं होतं."

"इथंच बरं हाय," हौसा म्हणाली. "सिनेमात शेंगा कोन देतंय?"

विंटर फेस्टचा तो तिसरा आणि शेवटचा दिवस होता. पनवेलच्या नव्या इमारतींच्या मधल्या मैदानावर कापसाचा बर्फ पसरला होता. प्लायवूडचं लाल छपराचं घर होतं, आकाशपाळणा होता, दाढी घामाने चिकटलेला एक सांता मुलांना गोळ्या वाटत फिरत होता. हवा वीस अंशांच्या खालीही नव्हती, तरी लोक हौसेने लोकरीच्या टोप्या घालून आले होते. स्ट्रॉबेरी, हुरडा, गुळाचा चहा, आणि मैदानाच्या टोकाला दोरी बांधून आखलेला, मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीचा कोपरा. तिथल्या फलकावर हौसाचा पुरुषभर उंच फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'वासावरून पोपटी ओळखणारी आजी'. हौसाला वाचता येत नव्हतं, पण साळूने, तिच्या सुनेने, दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा हौसानेच वाचायला लावलं होतं.

तसं पाहिलं तर पोपटीत लपवण्यासारखं काही नाही. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा उग्र वासाचा रानपाला लावायचा. वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची आणि पाल्यानेच तोंड गच्च दाबून टाकायचं. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या रचायच्या नि पेटवायचं. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. अडचण एकच, आतलं दिसत नाही. पुष्कळ जण मडक्यावर पाणी शिंपडतात आणि ते चर्र करून उडालं की झाली म्हणतात. पण त्यावरून मडकं तापलं एवढंच कळतं. आतली शेंग शिजली का, ते कळत नाही. ते पाला सांगतो. आधी त्याचा वास हिरवा, कडसर येतो. मग तो गोडावर जातो. त्या गोडाला करपटपणाची कड लागायच्या आत मडकं ओढावं लागतं. मधे मिळतात दोन, फार तर तीन मिनिटं. ती मिनिटं हौसाला कळायची. नेऱ्याच्या बाजूच्या सगळ्या फार्महाऊसवाल्यांना ते माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिला ताप आला. आठ दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. येईल परत, असं तिला वाटलं. तिने शेण हुंगून पाहिलं, रॉकेल हुंगून पाहिलं. सुकटीच्या डब्यात नाक घातलं तर नुसता गार वारा आत गेला. त्या हिवाळ्यातल्या पहिल्याच पोपटीला साळू मागून म्हणाली, "आत्या, करपतंय."

हौसा गर्रकन वळली. "तू शिकवनार मना? कालची पोर!"

मडकं करपलं. हौसाने खापर ओल्या काटक्यांवर फोडलं. दुसऱ्या मडक्याच्या वेळी साळू करपण्याचं काही बोलली नाही. तिने हौसाच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, "आत्या, ऊठ, पाय आखडतील." हौसा उठली, मडक्यावर वाकली, म्हणाली, "झाली." उघडलं तर नेमकी झाली होती.

त्या दिवसापासून तेच चालू होतं. दोघींमध्ये त्यावर एक शब्द कधी झाला नाही. वास साळूला यायचा, हात साळूचा लागायचा आणि "झाली" हौसा म्हणायची. फार्महाऊसच्या हितेशशेटने काढलेला व्हिडिओ गावभर फिरला, तोही हौसाचाच. कोणी साळूकडे बघून विचारलं तर हौसा सांगायची, "सून हाय. पाला तोडाया येते. तिला काय कळतंय यातलं?"

साळू ते ऐकत पाला निवडत बसायची.

*

पाचच्या सुमाराला हितेशशेट आला. नेऱ्याजवळची वडिलोपार्जित भातशेती विकून उरलेल्या तुकड्यावर त्याने फार्महाऊस बांधलं होतं. पांढरे बूट, गळ्यात साखळी, तोंडात बडीशेप.

"काय हौसाबाय, फलकावर चढलीस! आता आमाला वळखनार की नाय?"

"शेट, तुमच्याच शेंगांवर चढलो आमी."

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बोललो व्हतो ते ध्यानात हाय ना? बाराही महिने मानूस पायजे मना. मागची पक्की खोली देईन. पन एकच. दोघी नाय परवडत. आजचा कार्यक्रम बघतो आनि सांगतो."

"बघा की," हौसा म्हणाली. तिने मुद्दाम साळूकडे पाहिलं नाही.

भरत, तिचा मुलगा, दिवाळीपासून वीटभट्टीवर होता. भट्टीवर काम जोडीने चालतं. त्याची जोडी आतापर्यंत शेजारच्या पोराने सांभाळली होती. ते पोर आता जाणार होतं. भरतचा निरोप आला होता, सोमवारी दोघींपैकी एक जण या. आज रविवार होता. म्हणजे एकीला फार्महाऊस आणि दुसरीला भट्टी.

हौसाने भट्टीचे सव्वीस हंगाम काढले होते. तिची मान आता डावीकडे पुरती वळत नव्हती. उकिडवं बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागे. एवढं एक काम मिळालं तर उरलेलं आयुष्य चुलीपाशी बसून जाईल, असा तिचा हिशेब होता. नाकाचं काय ते पाणी शिंपडून, अंदाजाने निभावून नेऊ, असं तिने ठरवलं होतं. त्या हिशेबात एकच गोष्ट आडवी येत होती आणि ती हौसाला कळली आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दहा दिवसांपूर्वी फार्महाऊसवर साळूचा हात कोपराला लागला तो नेहमीपेक्षा लवकर. चुकली, असं हौसाला वाटलं. पण मडकं उघडलं तर शेंग लोण्यासारखी. त्याच संध्याकाळी कोंबडीला मसाला लावताना साळू तोंड फिरवून उभी राहिली आणि पदर नाकाला लावून झाडामागे गेली. स्वतःची तीन बाळंतपणं झालेल्या हौसाला आणखी काय सांगायचं? पोटुशी बाईचं नाक तिखट होतं.

गेल्या वर्षी भट्टीवर, डोक्यावर विटा असताना, साळूचं पोट पडलं होतं. तेव्हा तिसरा महिना होता. हौसाने तिला एक दिवस झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पयलं असंच जातं कंदी कंदी. ऊठ, भरत एकला पडलाय."

आता या वेळी हौसाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर साळूने हो म्हटलं असतं, आणि हो म्हटल्यावर फार्महाऊसची खोली कोणाची, हे बोलून दाखवावं लागलं असतं. दहा रात्री तिने स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती. तरण्या बाईला पोर पुन्हा होतं. म्हातारीला मान पुन्हा येत नाही.

*

सहा वाजता दिवे लागले. हौसा चहा पिऊन आली तेव्हा पाच मडकी ओळीने उपडी मांडून झाली होती आणि पाचही आगी एकामागून एक पेटत होत्या. स्नेहल मॅडम साळूच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. हौसाला पाहून त्या हसल्या आणि बाजूला झाल्या.

"पाच कशाला लावली एकदम?" हौसाने विचारलं.

"मॅडम बोलल्या," साळू म्हणाली. ती काटक्या सरकवत राहिली.

अर्धा तास गेला. दोरीभोवती दीड-दोनशे माणसं जमली. अंकिता नावाची चमकत्या जाकिटातली मुलगी माइक घेऊन आत आली.

"हॅलो पनवेल! थंडी वाजतेय का?"

"नाही!" लोक ओरडले.

"मग आता वाजेल! ज्या आजींचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, त्यांची आज आपण लाइव्ह परीक्षा घेणार आहोत. आजींच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. समोर पाच मडकी. त्यातली तयार पोपटी आजींनी फक्त वासावरून ओळखायची! आजी, रेडी?"

हौसाने मान हलवली. "पानी तरी शिंपडू द्या, बाय."

"नो चीटिंग, आजी! फक्त नाक!"

लोक हसले. मागून कोणी शिट्टी मारली. दोरीपलीकडे हितेशशेट मोबाइल वर धरून उभा होता.

"मंग सुनेचा हात धरून जाईन," हौसा म्हणाली. "खाली निखारं हायत."

"चालेल, चालेल! सूनबाई, सांभाळून न्या हं सासूबाईंना!"

पट्टी बांधली गेली आणि सगळा उजेड गेला. साळूचा हात कोपराला लागला, नेहमीच्या जागी. एवढंच तर होतं. गेले दोन दिवस जे झालं तेच आज अंधारात करायचं होतं.

पहिल्या मडक्याची धग पिंडऱ्यांना लागली. हौसा वाकली, श्वास घेतला. हात नुसताच होता. "नाय अजून," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं मडकं. हात तसाच. "हिला वेळ हाय." पुन्हा टाळ्या.

तिसऱ्या मडक्यापाशी ती वाकली आणि साळूची बोटं कोपरात रुतली. स्पष्ट, घट्ट, नेहमीपेक्षाही घट्ट.

हौसाने मुद्दाम थोडा वेळ घेतला. एकदा हुंगलं, मान तिरकी करून पुन्हा हुंगलं. मग सरळ उभी राहून तिने हात वर केला.

"झाली! हीच ती. काढा."

"शुअर आजी? लॉक करू?"

"करा काय करायचं ते. माझं नाक हाय ते."

काठ्यांनी आग बाजूला केल्याचा आवाज आला. ओल्या गोणपाटावर मडकं ठेवल्यावर चर्र झालं. कोणीतरी ते उलटवलं आणि हसण्याचा असा लोंढा आला की हौसा एक पाऊल मागे सरकली.

"रिकामं!" अंकिता माइकवर किंचाळली. "आजी, मडकं रिकामं आहे! आत पालासुद्धा नाही! हे आपलं ट्रॅप मडकं होतं!"

"आजी, सर्दी झाली काय?"

"नाक घरी विसरली वाटतं!"

"अरे, परत दाखव, रेकॉर्ड नाय झालं!"

पट्टी अजून डोळ्यांवर होती. हौसाने ती सोडली नाही. कोपरावरचा हात केव्हा निघून गेला ते तिला कळलं नाही. स्नेहल मॅडमचा आवाज जवळून आला. "सॉरी हं आजी, गंमत होती. सूनबाईंना माहीत होतं, त्यांनीच तर लावलं मडकं. आम्हीच सांगितलं होतं, सासूबाईंना सांगू नका. सीक्रेट!"

म्हणजे चूक नव्हती.

हौसाच्या तोंडाशी शब्द आला. हिनंच दाबलं कोपर. पण तो शब्द उच्चारायचा तर त्याच्या मागचे सगळे उच्चारावे लागले असते. कोपर का दाबायचं? कधीपासून? मग व्हिडिओतलं नाक कोणाचं? दोनशे माणसांपुढे आणि हितेशशेटच्या मोबाइलपुढे ते सांगण्यापेक्षा हरलेलं बरं. साळूने हे सगळं आधीच जोखलं असणार. दोन हिवाळे गप्प बसून पाला निवडता निवडता माणूस बरंच काही शिकतं.

तिने पट्टी काढली. साळू चार पावलांवर हात पदरात गुंडाळून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं साळू," हितेशशेट दोरीपलीकडून ओरडला, "तू सांग बघू! तुला येतंय काय?"

"येस! सूनबाई, तुमची टर्न!" अंकिताने पट्टी पुढे केली.

साळूने पट्टी बांधून घेतली. हात द्यायला एक स्वयंसेवक पुढे आला, त्याला ती म्हणाली, "नको." ती मडक्यांच्या ओळीपासून दूर, वारा येत होता त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिली. वाकली नाही, नाकाचे चाळे केले नाहीत. थोड्या वेळाने बोट दाखवून म्हणाली, "शेवटची झाली. लगेच काढा, कड लागंल. पयलीला पाच मिनटं. बाकीच्यांना वेळ हाय."

शेवटचं मडकं उघडलं. वाफेचा ढग वर गेला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी "अहाहा" केलं. अंकिताने एक शेंग सोलून दाणा तोंडात टाकला आणि डोळे फिरवले. टाळ्या बराच वेळ चालल्या.

हितेशशेट दोरी ओलांडून आत आला. आधी हौसाकडेच आला, ते त्याचं वळण चांगलं होतं. "राग मानू नको, बाय. वय झालं की नाक जातंच. माज्या आयशीला हिंगाचा वास येत नाय आता. तू लय केलंस माज्यासाठी." मग तो साळूकडे वळला. "उद्या सकाळी नऊला ये. सामान घेऊनच ये."

त्यानंतर दोन तास पोपटी विकली गेली. लोकांना हौसाबरोबर फोटो हवे होते. रिकामं मडकं हातात देऊन ते तिला मधे उभी करत. "आजी, हसा ना! अहो, गंमत होती!" हौसा हसत राहिली. एका बाईने आपल्या मुलीला सांगितलं, "बघ, किती स्पोर्टिंग आहेत आजी."

*

नेऱ्याकडे जाणाऱ्या रिक्षात दोघी मागे शेजारी शेजारी बसल्या. पुढे ड्रायव्हरजवळ दोन माणसं होती. गाढी नदीचा पूल गेला. मग साळू खाली बघत म्हणाली, "आत्या, मना तिसरा चाललाय."

हौसाला खोटं बोलता आलं असतं. "अगं, आधी का नाय बोललीस?" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. साळू जन्मभर तिच्यापुढे मान खाली घालून वावरली असती.

"ठावं हाय मना," हौसा म्हणाली.

साळूने मान वर केली. "कवापासून?"

"धा दीस झालं."

रिक्षा खड्ड्यातून गेली. दोघींचे खांदे एकमेकींवर आदळले आणि वेगळे झाले. साळू तिच्याकडे पाहत राहिली. भट्टीवरच्या त्या दिवसापासून आजपर्यंतचं सगळं ती जणू पुन्हा एकदा जुळवून बघत होती. हळूहळू तिच्या तोंडावरचा पांढरा रंग गेला. कपाळावरची आठी गेली. संध्याकाळपासून डोळ्यांत जे काही थरथरत होतं तेही गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. ती सरकून रिक्षाच्या कडेला बसली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"मंग बरं केलं मी," ती बाहेर बघत म्हणाली.

*

सोमवारी साळू लवकर उठली. दोन लुगडी, एक चादर आणि कंगवा पिशवीत घालून ती निघाली. दारात पाय अडखळला, पण ती थांबली नाही. वाडीची पायवाट उतरून रस्त्याला लागेपर्यंत तिची पिशवी दिसत होती.

भट्टीकडे जाणारा टेम्पो दहाला यायचा होता. हौसाने भांडी धुतली, चूल सारवली. मग ती बाहेर आली. शेजारच्या गुणाबाईच्या अर्ध्यावर राहिलेल्या घरकुलाच्या विटा कुडाला लागून रचलेल्या होत्या. हौसाने फडकं पिळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. तिच्यावर फळीचा तुकडा बसवला. फळीवर दोन विटा ठेवल्या. मग आणखी दोन. मग आणखी दोन. सहा विटा घेऊन ती अंगणातल्या आंब्यापर्यंत गेली आणि परत आली.

गुणाबाई दात घासत दारात उभी होती. "काय गं हौसा, माझ्या विटा कुठं न्हेतंस?"

"न्हेत नाय. बघतंय."

"काय बघतंस?"

"मान."

गुणाबाईने खाली वाकून चूळ टाकली. हौसा पुन्हा कुडापाशी आली होती. आणखी दोन विटांसाठी तिने हात वर नेला, पण खांदा तेवढा उचलला जाईना. गुणाबाई पुढे आली, तिने दोन विटा उचलल्या आणि हौसाच्या डोक्यावर ठेवल्या.

"आठ झाल्या," ती म्हणाली. "भट्टीवर बारा असतात."

"ठेव," हौसा म्हणाली.

गुणाबाईने एकावर एक आणखी चार ठेवल्या. हौसाने मान ताठ धरली, डावा पाय पुढे टाकला आणि आंब्याकडे चालू लागली.